लाव्याचा कौल

इंग्लंडला जाऊन आलेल्या माणसाकडे फोटो असतात. माझ्याकडेही आहेत, एकशे बारा. त्यातले चौऱ्याण्णव एका पक्ष्याचे आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक फोटोंत पक्षी दिसतच नाही, नुसतं वाळकं गवत दिसतं. परत आल्यावर मोठ्या हौसेने मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मोबाइल फिरवला. गणिताच्या बाईंनी दहा-बारा फोटो पुढे ढकलले आणि विचारलं, "सर, हे गवत बघायला विमानाने गेलात?"

म्हणून हा खुलासा.

मी रत्नागिरीत सत्तावीस वर्षं भूगोल शिकवतो. 'आफ्रिकेतील गवताळ प्रदेश' हा धडा मी झोपेतही घेऊ शकतो, आणि मुलांचं म्हणणं असं की बहुतेक तसाच घेतो. सिंह, झेब्रे, छत्रीसारखी झाडं, पुरुषभर उंच गवत, पुढचा प्रश्न. त्या गवताच्या बुडाशी मुठीत मावेल एवढा एक पक्षी राहतो, पंख असून पायांनी पळतो, अगदीच गळ्याशी आलं तर उडतो आणि चवीला बरा म्हणून माणसं त्याला पकडतात, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळायला मला बर्मिंगहॅमला जावं लागलं.

बर्मिंगहॅम

तिथे माझी ताराआत्या राहते. वडिलांची धाकटी बहीण, वय ऐंशीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत. लग्न होऊन गेली ती देवरुखहून थेट केनियात. आतोबा तिथे रेल्वेत होते. पाच-सहा वर्षांनी तिथलं बस्तान हललं आणि दोघं बर्मिंगहॅमला आली. आतोबा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा रवी साउथहॅम्प्टनला हाडांचा डॉक्टर आहे. आत्या एकटी, दोन मजली घरात, जिना उभा, बाथरूम वर.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको शुभांगी, तिच्या दारात उतरलो तेव्हा आमचा बेत साधा होता: दोन दिवस आत्याकडे, मग लंडन. राणीचा वाडा, ते मोठं चक्र, ते घड्याळ. शुभांगीने यादी केली होती. यादीत पक्षी नव्हता.

"चपला काढा, आणि मागच्या खोलीत जोरात बोलू नका. तो आत आहे," आत्या म्हणाली.

"कोण?" शुभांगीने मला हळूच विचारलं. मी खांदे उडवले. आत्याने या वयात कुणाला ठेवून घेतलं असलं तर भाच्याने काय बोलावं?

मागच्या खोलीत भिंतभर लांबीचा एक बुटका पिंजरा होता. त्यात माती, वाळू आणि गवताचे झुबके. मी पाच मिनिटं वाकून बघितलं. काही दिसेना.

"अरे, तुझ्या नाकासमोर आहे!"

मग गवताचाच एक तुकडा चालायला लागला. पाठ वाळक्या पात्यासारखी, पण समोर वळला आणि ऐटच दिसली: पोट काताच्या रंगाचं, छाती काळी, गळा पांढरा आणि त्यावर काळी नक्षी, डोळ्यावर पांढरी भिवई. लग्नाला निघालेला बुटका माणूस.

"लावा," आत्या म्हणाली. "आपल्याकडे असतो त्याचा आफ्रिकेतला चुलत भाऊ. इकडचे लोक हार्लेक्विन क्वेल म्हणतात. मी लाव्या म्हणते. म्हणजे आता घरात तू अव्या नि हा लाव्या, दोघं झालात. पैकी हा वेळेवर उठतो."

शहराबाहेर कुणी म्हातारा आफ्रिकेतले पक्षी पाळतो, त्याच्याकडून तिने जोडी आणली होती. मादी हिवाळ्यात गेली, नर उरला. "केनियात किसुमूला आमच्या क्वार्टरमागे नुसतं गवत," तिने सांगितलं. "पाऊस पडून गेला की हे लावे कुठून तरी यायचे. दिसायचा एक नाही आणि ओरडायचे शंभर. तिथली माणसं उंच काठीला टोपल्या बांधायची, टोपलीत एकेक नर. तो ओरडला की बाकीचे खाली जमायचे, फासात अडकायचे. तुझे आतोबा ड्यूटीवर. मला तिथली भाषा येत नाही, इंग्रजी येत नाही, वय एकोणीस. दिवसभर घरात माझ्याशी बोलायला कोण? हेच."

लाव्या पहाटे ओरडतो, असं ती म्हणाली. आम्ही दोन्ही पहाटे विमानाचा शीण काढत आठपर्यंत घोरत होतो, त्यामुळे त्याचा आवाज काही कानी पडला नाही.

आत्याचा स्वयंपाक तीन देशांचा आहे. उकडलेल्या मोगोचे, म्हणजे तिथल्या कंदाचे, तुकडे तळून त्यावर मेतकूट. इंग्रजी दुकानातला तळलेला मासा आणि चिप्स, पण त्यावर व्हिनेगर ओतायला गेलो तर हातावर चापट. "कोकणातला ना तू?" असं म्हणून तिने कोकमाच्या आगळाची बाटली पुढे केली. शुभांगी सोलकढी करायची म्हणून फ्रिजकडे गेली. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं, ओलं खोबरं असतं, एवढं कुठल्याही मराठी बाईला कळतं. तिने आत्मविश्वासाने डबा उघडला. आत भुश्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या.

"अगो, ते लाव्याचं," आत्या शांतपणे म्हणाली. "तुमचं खोबरं खालच्या कप्प्यात."

त्या दिवसानंतर शुभांगीने इंग्लंडात सोलकढीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी रवीचा फोन आला. तो बर्मिंगहॅमला जन्मला, तिथेच वाढला. मराठी बोलतो, पण कुठला शब्द तो, ती की ते, हे त्या दिवसाच्या मर्जीवर ठेवतो.

"अवि, तू प्लीज सांग तिला. फेब्रुवारीत मागचा पायरीवर पडली. चाळीस मिनिटं थंडीत होती, पोस्टमनने बघितलं. मी ऑपरेशनमध्ये होतो, यार. इथे खाली खोली तयार केलं आहे, बाथरूमसकट. तीनदा विचारलं, तीनदा नो. तू माहेरचा माणूस आहेस. तुझं ऐकेल."

माहेरचा माणूस म्हटलं की माझी छाती फुगते. मी आत्यासमोर बसलो आणि वर्गात घेतो तसा आवाज लावून वय, जिना, थंडी असे मुद्दे मांडले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कौल लावू."

आमच्या गावच्या देवळात कौल लावतात. देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमिनीचे तंटे, मुलींची लग्नं, मुंबईच्या नोकऱ्या, सगळं त्यावर ठरलेलं आहे. पण बर्मिंगहॅमला पाषाण कुठला?

"लाव्याला घेऊन जाऊ," आत्या म्हणाली. "तीन सकाळी बघायचं. रव्याच्या घरी तो ओरडला तर मी तिथे राहीन. नाही ओरडला, तर तिसऱ्या दिवशीच्या गाडीने तू मला इथे परत आणून सोडायचं, आणि रव्याने पुन्हा विषय काढायचा नाही. हो म्हण."

मी हो म्हटलं. रवीला कळवलं. तो म्हणाला, "अवि, मला अठरा वर्षं लागले सर्जन व्हायला. आणि आता एक कोंबडी ठरवणार?"

शुभांगीने लंडनची यादी घडी करून पर्समध्ये टाकली. माझ्याकडे बघितलंही नाही.

गाडीत

लाव्याचा प्रवासाचा खोका बुटबैंगण होता. भोकं पाडलेला, आणि आतून छताला जुन्या गोधडीचा जाड तुकडा लावलेला. "हा घाबरला की पळत नाही, सरळ वर उसळतो," आत्याने बजावलं. "छत टणक असलं तर डोकं फुटतं. म्हणून वर नेहमी मऊ हवं. लक्षात ठेव."

खोका माझ्या मांडीवर. आतून खसखस, मधेच बारीक टकटक. हाच खोका मी चिपळूणच्या एस.टी.त घेऊन बसलो असतो तर खेर्डी यायच्या आत निम्म्या गाडीला त्यात काय आहे ते कळलं असतं आणि चौघांनी ते कसं सांभाळावं हेही सांगितलं असतं. इथे समोर बसलेले गृहस्थ लेमिंग्टनपासून ऑक्सफर्डपर्यंत खोक्याकडे बघत नव्हते. इतक्या जोराने न बघणारा माणूस मी पाहिला नाही. खोक्यातून टकटक झाली की ते वर्तमानपत्राचं पान उलटायचे.

बाहेर मात्र इंग्लंड अगदी चित्रातल्यासारखं धावत होतं. पिवळी शेतं, कुंपणाला पांढरा फुलोरा, कालव्यात निवांत नावा. मी शुभांगीला तिथल्या मातीचा प्रकार सांगायला लागलो. तिने डोळे मिटले.

ऑक्सफर्डनंतर आत्याने डबा उघडला. दडपे पोहे. कच्चा कांदा, ओलं खोबरं, वरून हिरवी मिरची. डब्याचं झाकण निघालं आणि वासाने रेल्वेचा डबाही भरला. दोन सीटपलीकडच्या मुलीने खिडकी शोधली. खिडक्या उघडत नाहीत.

"आत्या, जरा वास..." मी म्हटलं.

"पंचावन्न वर्षं त्यांची कोबी मी सोसली," आत्या म्हणाली, आणि समोरच्या गृहस्थांना इंग्रजीत विचारलं, "घेणार?"

त्यांनी घेतले! कागदी बशीत, दोन चमचे. डोळ्यांत पाणी आलं तरी संपवले. त्यानंतर मात्र त्यांना हक्क मिळाल्यासारखा वाटला असावा. घसा साफ करून, आधी दोनदा सॉरी म्हणून त्यांनी विचारलं की या खोक्यात, विचारणं गैर नसेल तर, काय आहे? आत्याने रेडिंगपर्यंत सांगितलं. उतरताना ते खोक्याकडे वाकून "गुड लक, ओल्ड चॅप" म्हणाले. मला नाही म्हणाले.

साउथहॅम्प्टन

रवीचं घर बंदरापासून दहा मिनिटांवर. मागे काचेची खोली आहे, तिला कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. तिथे रवीची बायको मीनल हिने नवा पिंजरा मांडून ठेवला होता. मीनल पुण्याची, एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करते, आणि कामाचं सोनं करण्याची तिला सवय आहे. पिंजरा उंच, घुमटाचा, पितळी कड्यांचा होता. महाराजांचा पोपट राहावा असा.

"आई, आवडला? रिव्ह्यूज फार चांगले होते."

"छान आहे गो," आत्या म्हणाली आणि बॅगेतून आपली जुनी नायलॉनची ओढणी काढून तिने घुमटाच्या आत छतासारखी ताणून बांधली. मग गवताचे झुबके, वाळू, राळ्याच्या दाण्यांची वाटी. लाव्याला आत सोडलं. तो एका झुबक्यामागे गेला आणि संपला.

चार वाजता बंदरातल्या एका प्रचंड जहाजाने भोंगा दिला. काचा थरथरल्या. लाव्या जमिनीला असा चिकटला की आम्हाला वाटलं उरकलाच. "सुरुवात चांगली आहे," शुभांगी म्हणाली.

*पहिली सकाळ.* मे महिन्यात तिथे पावणेपाचलाच उजाडतं. चहाचे कप घेऊन पाचजण काचेच्या खोलीत रांगेने बसलो. मीनलने एक डोळा लॅपटॉपवर ठेवला होता. रवीला सातला हॉस्पिटलात जायचं होतं. आत्या शाल पांघरून पिंजऱ्यासमोर, नजर पक्ष्यावर खिळलेली. तो आला, राळे खाल्ले, वाळूत अंग घोळवलं, आमच्याकडे परीक्षकासारखा पाहून परत गेला.

सहाला रवी उठला. "आई, हे साइंटिफिक नाही आहे."

"देवळातही नसतं," आत्या म्हणाली. तिने आपली बॅग उघडली नव्हती, नुसती झिप ओढून टूथब्रश काढला होता.

त्या दुपारी रवी लवकर आला. मागच्या हिरवळीवर आम्ही दोघंच होतो. मी त्याला सहज म्हटलं की, नाही राहिली तर नाही, म्हातारी माणसं आपल्या घरात सुखी असतात. तो गवत उपटत राहिला.

"मी रोज फोन करतो, अवि. आठ रिंग झाल्या की उचलते. दहा झाल्या तर मी उभा राहतो. बारा झाल्या तर गाडीची चावी हातात असते. एकदा मी अर्धा रस्ता गेलो, आणि ती म्हणाली, बागेत होते रे." त्याने माझ्याकडे बघितलं. "मी किती दिवस रिंग मोजू?"

रात्रीपर्यंत माहेरच्या माणसाला एक कल्पना सुचली, आणि माझ्या कल्पनांचा इतिहास माहीत असलेल्या शुभांगीला मी ती सांगितली नाही.

*दुसरी सकाळ.* इंटरनेटवर सगळं मिळतं. आफ्रिकेतल्या लाव्याचा आवाजही मिळाला, छान स्वच्छ, कुणीतरी गवतात बसून टिपलेला. माझा हिशेब सरळ होता: नर दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की चवताळून ओरडतो. किसुमूच्या टोपल्यांचंच तत्त्व. आणि समजा हा नाहीच ओरडला, तर फोनचा आवाज आहेच. आत्या कानाला मशीन लावते, तिला काय कळणार?

साडेचारला, बाकीचे उठायच्या आत, मी पिंजऱ्याशी गेलो. फोनला रिंग म्हणून तोच आवाज लावला आणि तो वर घुमटावर ठेवला. ओढणीमुळे आवाज दबेल म्हणून ती एका बाजूने सोडली. होय, मीच सोडली. ज्या माणसाला खोक्याचं छत तासभर समजावून सांगितलं होतं, त्यानेच. आत्याची पावलं वाजली, तिच्या मागे मीनल आणि रवी. मी बाजूला सरलो आणि खिशातल्या शुभांगीच्या फोनवरून वरचा फोन वाजवला. ही युक्ती मला आठवीतल्या पोरांनी शिकवली आहे.

आवाज फुटला. जरा जास्तच मोठा.

"ओरडला!" मीनल टाळी वाजवत म्हणाली. "आई, ओरडला!"

लाव्या गवतातून सुटलेल्या बाणासारखा सरळ वर उडाला. टण्ण! पितळी कड्यांवर डोकं आपटलं आणि तो वाळूत पडून एका कुशीवर झाला. वर फोन त्याच्या डोक्यावर मजेत ओरडतच होता.

आत्याने दार उघडलं, त्याला ओंजळीत घेतलं. कपाळावर पिसं निघून रक्त आलं होतं. "हळद," ती म्हणाली. मीनल धावली. रवीने मोबाइलची बॅटरी लावून पक्ष्याच्या डोळ्यांत बघितलं, एक डोळा, मग दुसरा, अगदी गंभीरपणे. "ब्रीदिंग ठीक आहे. कन्कशन असेल. आई, मी माणसांचे गुडघे करतो, मला खरंच माहीत नाही."

तासाभराने लाव्या उभा राहिला. कपाळावर हळद थापलेली, जेजुरीहून आल्यासारखा. दुपारी दोन राळे टिपले. आत्या तोवर मला एक शब्द बोलली नव्हती. शुभांगी बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी आत्याने मला बोलावलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"गुरवाने कौल फिरवला की पुन्हा लावता येत नाही, अव्या. उद्या त्याच्या पुढे कुणी बसायचं नाही. त्याला पडून राहू दे. अकराची गाडी आहे ना? तिकिटं काढ."

मी काढली. रवी शेजारी उभा होता. त्याने मला दोष दिला नाही. "तुझं इंटेन्शन चांगली होती," एवढंच म्हणाला. मराठीत माझं इतकं वाईट कुणी केलं नव्हतं.

*तिसरी सकाळ.* चारला जाग आली. कौलाचं काही डोक्यात नव्हतं, तो जगला आहे का एवढंच बघायचं होतं. काचेच्या खोलीत जाऊन फरशीवर बसलो, भिंतीला टेकून. बाहेर फिकट उजेड, कुंपणावर एक काळा पक्षी गात होता. तिथला तो नेहमीचा गवई.

लाव्या बाहेर आला. हळद वाळून पापुद्रा झाला होता. मातीच्या उंचवट्यावर चढला, मान ताठ केली, गळा फुगवला.

आणि ओरडला.

एवढ्याशा जिवातून इतका धारदार आवाज येईल असं वाटलं नव्हतं. किल्लीने काचेवर ठोकावं तसा. मी हललो नाही. तो तसाच पुन्हा ओरडला. तीनदा. मग उतरून वाटीशी गेला, जणू सकाळची एक कामाची गोष्ट झाली.

मी धावत आत्याच्या खोलीत. ती झोपलेली, कानाची दोन्ही मशिनं बशीत. तिला हलवून उठवलं, ओढत आणलं. आवाजाने बाकीची तिघंही आली. अर्थात लाव्या आता गप्प होता. आम्ही वीस मिनिटं बसलो. तो राळे खात होता.

"ओरडला, शपथ! तीनदा!"

"तुम्ही एकट्याने ऐकलंत," शुभांगी म्हणाली. "अहो, आता पुरे."

"अवीदादा, फोन कुठे आहे तुमचा?" मीनलने विचारलं.

"वर! चार्जिंगला!"

मीनल जाऊन बघून आली. वर होता. पण कालच्या प्रकारानंतर माझ्या शब्दाला जी किंमत होती ती त्या चौघांच्या तोंडावर दिसत होती. रवी बॅग दाराशी नेऊन ठेवायला वळला.

आत्याने मशिनं कानात बसवली, स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"कसा ओरडला? म्हणून दाखव."

"मी?"

"मग काय तो?"

छपन्नाव्या वर्षी, अंगात बनियन आणि त्यावर रवीने दिलेला स्वेटर अशा वेषात, मी फरशीवर उकिडवा बसलो. मान ताठ केली. "व्हिट-व्हिट," मी म्हणालो. "व्हिट-व्हिट-व्हिट. व्हिट." काचेपलीकडे कुंपणावरून शेजारच्या पॅटबाईंचं डोकं वर आलं. हातात झारी. "एव्हरीथिंग ऑलराइट, रवी?" रवीने हात हलवला. डोकं खाली गेलं, पण पूर्ण नाही.

"संपलं?" आत्याने विचारलं. तिच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर मिटली होती.

"नाही. मग तो थांबला. मला वाटलं झालं. आणि मग एक हळूच. विसरला होता आणि आठवलं म्हणून म्हटल्यासारखं. व्हिट."

आत्याने शेवटचं बोट मिटलं.

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. दोन, तीन, एक, थांबणं, आणि तो उरलेला एक.

"हाच," आत्या म्हणाली. "फोनमधला न चुकता म्हणत असणार, शाळेतल्यासारखं. हा दर वेळी चुकतो."

"म्हणजे काल तुला फोन ऐकू आला?" मी विचारलं.

"कसला! मीनल ओरडली तेव्हा मी याच्या गळ्याकडे बघत होते. गळा हललाच नाही." मग रवीकडे न बघता म्हणाली, "याचा आवाज मला दोन वर्षं ऐकू येत नाही. भांडी पडलेली ऐकू येतात, तुम्ही येता. हा येत नाही. मी गळा मोजते."

रवी दारातून परत आला. "आई, मला सांगायचं ना. नवीन मशीन..."

"तेच म्हणून नाही सांगितलं. तू मशीन आणलं असतंस." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "अव्या, आणखी एकदा. जरा मोठ्याने. त्या बाईंनाही ऐकू दे."

मी आणखी एकदा म्हटलं. आत्याने डोळे मिटले होते. कोण जाणे, ती काचेच्या खोलीत होती की किसुमूच्या क्वार्टरमागे. मीनल नाक पुसत होती. शुभांगी म्हणाली की सत्तावीस वर्षं मी शिकवतोय, पण वर्ग इतका शांत पहिल्यांदाच पाहिला.

डोळे उघडून आत्या म्हणाली, "रव्या, ती अकराची तिकिटं परत होतात का बघ. नसली होत तर या दोघांना लंडनला पाठव."

लंडन आम्ही एका दिवसात बघितलं. उरलेले अठरा फोटो तिथले आहेत.

इथे रत्नागिरीत आता माझा पहिला तास सव्वानऊला असतो. तिकडे तेव्हा पावणेपाच झालेले असतात. हजेरी घेताना टेबलावर फोन थरथरतो, मुलं एकमेकांकडे बघतात. रवीचा मेसेज असतो. सर्जन माणूस, लांबण लावत नाही: "दोन, तीन, एक. गॅप. एक." कधी नुसतं "आज नाही." हे तो आधी आईच्या खोलीत जाऊन म्हणून दाखवतो, असं मीनल सांगते. पायजम्यात, उकिडवा बसून.

परवाचा मेसेज जरा मोठा होता: "आज मी म्हटलं तर आई म्हणाली, शेवटची व्हिट जरा उशिरा यायचा. परत म्हण. चार वेळा म्हटलं, अवि. ऑपरेशनला लेट झालो."